काले बंदरचा जावई

माझ्या भाचीने पोर्तुगीज मुलाशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा आमच्या घरात कोणी रडलं नाही, कोणी जेवण सोडलं नाही. धाकट्या भावाला, म्हणजे तिच्या वडिलांना, दोन दिवस ताप आला, पण तो त्याला एरवीही येतो. वहिनीने मुलाचा फोटो मोठा करून त्याचे दात नीट पाहिले आणि "व्यसन दिसत नाही" असा निकाल दिला. अडलं ते फक्त आबांपाशी. आबा म्हणजे आमच्या वडिलांचे मोठे भाऊ, वय शहाऐंशी. त्यांनी फोटो हातात घेतला, उलटा करून पाठीमागे काही लिहिलंय का पाहिलं आणि विचारलं, "पोर्तुगीज शे, ते समजनं. पन पोर्तुगीज म्हंजे काय?"

"पोर्तुगाल देशाचा," भाऊ म्हणाला.

"देशनं नाव टीव्हीवर येस. त्या नावना अर्थ काय शे?"

भावाने तो प्रश्न माझ्याकडे दिला, म्हणजे मला फोन लावला. मी धुळ्यात राहते. एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले आहे, त्यामुळे घरात कोणाला कुठल्याही शब्दाचा अर्थ हवा असला की माझ्याकडे येतात. औषधाच्या कागदावरचे शब्दसुद्धा. भाऊ म्हणाला, "ताई, तू ये. आबा म्हणताहेत, अर्थ कळल्याशिवाय होकार नाही."

"आणि कळल्यावर?"

"ते नाही बोलले."

आबांचा प्रश्न ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल, पण आम्हाला वाटला नाही. साठ वर्षांत आमच्या घरातलं एकही लग्न आबांनी "कोन गावना?" हे विचारल्याशिवाय जमलेलं नाही. तापीपासून सातपुड्यापर्यंत त्यांना गाव न् गाव ठाऊक. गावाचं नाव सांगितलं की ते डोळे मिटून घ्यायचे आणि त्या गावात कोणाची विहीर गोडी आहे, कोणाच्या घरी सुना टिकत नाहीत, कोणाचा मामा कुठला, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकायचं. मग ते म्हणायचे, "चालस," किंवा म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या." माझंसुद्धा असंच जमलं. माझ्या सासरचं गाव ऐकून त्यांनी इतका वेळ डोळे मिटले होते की माझ्या आईला वाटलं, झोपले.

आता या मुलाच्या गावाचं नाव ऐकून त्यांनी डोळे मिटले तर आत नुसता काळोख. विचारायला कोणी नाही, ओळखीचा मामा नाही. म्हणून त्यांनी शब्दाला धरलं असणार, हे मला बसमध्ये शिरपूरच्या वाटेवर सुचलं. फोनवर मात्र मी चिडलेच होते.

आमचं गाव शिरपूरपासून अर्ध्या तासावर, तापीच्या अंगाने. भावाची केळी आहे, थोडा कापूस आहे. भाची शिरपुरातच कापडाचं शिक्षण घेऊन पुढे पोर्तुगालला गेली, कारण तिकडे उत्तरेकडे कापडाच्या गिरण्या आहेत. तिथे एका गिरणीत रंगाच्या विभागात हा मुलगा. दोघांची ओळख एका बिघडलेल्या निळ्या रंगावरून झाली, असं तिने मला सांगितलं. मी तिची आत्या असल्यामुळे मला बाकीचंही सांगितलं, ते इथे नको.

निघण्यापूर्वी मी अभ्यास केला. माझ्याकडच्या शब्दकोशात पोर्तुगीज या शब्दापुढे "पोर्तुगाल देशाचा रहिवासी" एवढंच होतं आणि पोर्तुगालपुढे "एक देश". असल्या कोशाला मी वर्गात उभं केलं असतं. भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "आत्या, मी त्यालाच विचारते." पलीकडून बराच वेळ कुजबुज, मग हसणं. "तो म्हणतो, त्याने कधी विचारच केला नाही."

"स्वतःच्या नावाचा?"

"तू केलास कधी, मराठी म्हणजे काय याचा?"

एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर ऐकून घ्यावं लागणारं ते वाक्य मी ऐकून घेतलं आणि ग्रंथालयात गेले. तिथे दोन दिवस बसून जे सापडलं ते असं: रोमन लोकांच्या काळी त्या देशाच्या उत्तरेला, एका मोठ्या नदीच्या मुखाशी एक गाव होतं. गावाचं नाव काले. तिथे बंदर होतं, आणि लॅटिनमध्ये बंदराला म्हणायचे पोर्तुस. पोर्तुस काले, म्हणजे कालेचं बंदर. लोकांच्या तोंडी घासून घासून त्याचं झालं पोर्तुकाले. ते नाव आधी आसपासच्या मुलखाला लागलं, मग आख्ख्या राज्याला, आणि शेवटी झाला पोर्तुगाल. तिथला तो पोर्तुगीज. म्हणजे बंदरवाला. आता काले म्हणजे काय, हे मात्र कोणालाच नक्की माहीत नाही. कोणी म्हणतं सुंदर, कोणी म्हणतं ऊबदार, कोणी म्हणतं तिथे राहणाऱ्या जुन्या टोळीचं नाव. पंडितांची भांडणं चालू आहेत.

गंमत म्हणजे मुलगा नेमका त्याच नदीकाठचा निघाला. त्या नदीचं नाव आणि त्या शहराचं नाव जगभर ज्या मद्यामुळे गाजतं, तेही मला वाचनात सापडलं. आबा माळकरी. ती माहिती मी ग्रंथालयातच ठेवून आले. नदीचं नाव तर मी मनातल्या मनातसुद्धा उच्चारत नव्हते, कारण ते आहे दोरू, आणि आबांना ऐकू कमी येतं.

गावात पोचले तेव्हा आबा ओट्यावर खुर्चीत बसले होते. शेजारी आमचे किराणा दुकानदार शेठजी बसलेले. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण हे इथेच जन्मले. अहिराणी आमच्यापेक्षा ठसक्यात बोलतात आणि घरात हिंदी. रोज दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा ते आबांकडे पेपर वाचायला येतात.

मी चहा होईपर्यंतही थांबले नाही. विद्यार्थी परीक्षेत पाठांतर सांडून टाकतात तसं सगळं एका दमात सांगितलं. आबा कानाला हात लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "थोडकामा सांग."

मी थोडक्यात सांगितलं. "आबा, पोर्तुगीज म्हणजे काले बंदरचा माणूस."

शेठजींनी पेपर खाली केला.

"काले बंदर?" शेठजी म्हणाले.

"हो. काले बंदर."

"वो केले के खेत में आते हैं वो?" शेठजी घाबरले की घरच्या भाषेत जातात.

माझ्या चूक लक्षात यायला एक क्षण उशीर झाला. तोपर्यंत आबांनी मांडीवरचा फोटो पुन्हा उचलून डोळ्यांजवळ नेला होता. आमच्या केळीत काळ्या तोंडाच्या वानरांचा उच्छाद आहे. सातपुड्यातून उतरतात आणि घडच्या घड ओरबाडून टाकतात. आबांनी आयुष्यभर त्यांच्यामागे गोफण फिरवली आहे.

"मन्ही नात वांदरेसमा धाडू का मी?"

"आबा, बंदर म्हणजे मराठी बंदर! जहाजं लागतात ते! मुंबईला आहे तसं!"

"मंग मराठीमा सांगाले काय व्हयनं तुले?"

"मी मराठीतच सांगितलं!"

"मास्तरीन शे ना तू?" आबा म्हणाले.

शेठजींनी मी सांगितलेलं सगळं समजून घेतलं, मान हलवली, पेपराची घडी घातली आणि दुकानात गेले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण संध्याकाळी वहिनी साखर आणायला गेली तर दुकानातल्या दोन बायकांनी तिला विचारलं, की जावई वानरांवर उपाय करणारा मोठा तज्ज्ञ आहे ना? परदेशातून खास येतोय ना? त्यातल्या एकीच्या शेतात फारच त्रास होता. तिने वहिनीला सांगितलं, आल्यावर आधी आमच्याकडे पाठवा.

वहिनी घरी येऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या हातात साखर होती. मग म्हणाली, "ताई, तुम्ही धुळ्यालाच बऱ्या होतात."

दुसऱ्या दिवशी मी नवा मार्ग धरला. शब्दाचा अर्थ सांगून जमलं नाही, तर शब्दांचं नातं दाखवावं. आबांना नातं कळतं. सकाळी ते आंघोळ करून ओट्यावर आले, तशी मी त्यांच्या समोर बसले आणि बोटाने दाखवत गेले. "आबा, ते घमेलं आहे ना, तो शब्द पोर्तुगीजांचा. दारावरची चावी, तो त्यांचा. तुम्ही आत्ता ज्यातलं पाणी घेतलंत तो बंब त्यांचा. हे पिंप. ही इस्त्री. मिस्त्री घर बांधून गेला ना, तो मिस्त्री त्यांचा. गड्याचा पगार. बाजारात लिलाव होतो तो लिलाव. बटाटा, पाव, पपई, काजू. कुठल्या कुठे राहणारे लोक, पण चारशे-पाचशे वर्षं आपल्या घरात आहेत."

मला वाटलं होतं, आबा विरघळतील. त्यांनी घमेल्याकडे पाहिलं, बंबाकडे पाहिलं, दाराला लटकणाऱ्या चावीकडे पाहिलं. अंगणात एकेक वस्तू जणू परकी होऊन उभी राहिली होती.

"मंग आपलं काय शे?" ते म्हणाले.

"असं नाही आबा. देवाणघेवाण असते."

"आपीन त्यासले काय दिधं?"

मी विचार करू लागले. मिरी, लवंगा वगैरे त्यांनी नेलं, पण ते आपण दिलं असं म्हणणं जड गेलं असतं. तेवढ्यात वहिनी आतून म्हणाली, "मिरची दिली असेल." आणि मी, एकतीस वर्षांची सवय, उत्तर चुकलेलं सहन होत नाही, पटकन म्हणाले, "मिरची उलट त्यांनीच आणली. शब्द आपला, पण झाड समुद्रापलीकडून त्यांच्या जहाजातून आलं. त्याआधी आपल्याकडे नुसती मिरी."

खान्देशात हे वाक्य बोलायला छाती लागते. माझ्याजवळ छाती नव्हती, फक्त माहिती होती. आतून भांड्यांचा आवाज थांबला. आबा खुर्चीतून उठले. ते कोणाच्या आधाराशिवाय उठलेले मी दोन वर्षांत पाहिले नव्हते.

"मिरची बी त्यासनी?"

"म्हणजे, मूळची त्यांचीही नाही, ते अमेरिकेतून…"

"मंग खान्देशमा लोके भरीत कसामा करेत?"

"करत नसतील आबा, मिरचीचं. मिरी घालत असतील."

"मिरी!" आबा म्हणाले. एवढा एकच शब्द म्हणाले आणि आत गेले. त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना मात्र त्यांनी मुद्दाम ठेच्याचा गोळा वाढून घेतला, माझ्याकडे पाहत खाल्ला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी नजर हलवली नाही.

भाऊ म्हणाला, "ताई, आता तू काही सांगू नकोस. मुलगा येतोच आहे, त्यालाच सांगू दे." माझा भाऊ शेवटी जो बोलेल त्याच्याशी सहमत होतो, पण त्या वेळी शेवटी कोणीच बोललं नव्हतं, त्यामुळे हे त्याचं स्वतःचं मत असावं.

दिवाळीनंतर दोघं आली. मुलगा उंच, लाजरा, कानाच्या पाळ्या लाल. भाचीने त्याला वाटेत शिकवलं होतं की मोठ्यांच्या पाया पडायचं. मोठं कोण हे शिकवायचं राहिलं असावं. तो गाडीतून उतरला आणि आधी गाडी चालवणाऱ्याच्याच पाया पडला. मग माझ्या, वहिनीच्या, शेठजींच्या, आणि गर्दी पाहायला आलेल्या शेजारच्या नव्या सुनेच्याही. ती ओरडून घरात पळाली. आबांपर्यंत पोचेपर्यंत त्याची पाठ धरली होती. तो वाकला आणि तसाच थोडा वेळ राहिला. आबांना वाटलं, केवढा आदर. त्यांनी दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले.

वानरांचा त्रास असलेली बाई कुंपणाशी उभी होती. तिला वहिनीने हळूच लांब नेलं.

वहिनीने पाहुण्यासाठी फळं कापून ठेवली होती. एरवी आम्ही ज्याला जाम म्हणतो, त्याला पाहुण्यासमोर तिने शहरी शब्द वापरला. ताट पुढे करत ठासून म्हणाली, "पेरू घ्या."

मुलाचा चेहरा बदलला. त्याने ताटाकडे पाहिलंच नाही. अंगणात इकडेतिकडे पाहिलं, गोठ्याकडे पाहिलं, मग भाचीच्या कानात काहीतरी विचारलं. भाची पोट धरून हसायला लागली.

"काय झालं? आवडत नाही का?" वहिनी म्हणाली.

"आई, त्यांच्या भाषेत पेरू म्हणजे टर्की. मोठ्ठा कोंबडा असतो तो. मी त्याला चार वेळा बजावलं होतं की आपलं घर माळकरी आहे. तो विचारतोय, तुम्ही त्याच्यासाठी नियम मोडताय का?"

वहिनीच्या हातातलं ताट कलंडलं. "आमच्या घरात अंडं शिजत नाही!" ती मोठ्याने म्हणाली, म्हणजे त्याला मराठी कळेल. त्याने फोड उचलली, वास घेतला, खाल्ली आणि म्हणाला, "पेरू," आणि मान हलवली. बहुधा त्याला फार हायसं वाटलं होतं.

आबा हे सगळं पाहत होते. मला वाटतं, माझ्या त्या दिवशीच्या यादीची परीक्षा घ्यायची हीच वेळ असं त्यांनी ठरवलं. त्यांनी काठीने अंगणातलं घमेलं दाखवलं आणि भुवया उडवल्या.

मुलगा थोडा वेळ पाहत राहिला. आबांनी शब्द उच्चारला, "घमेलं."

"गमेला!" मुलगा उभा राहिला. मग भाचीकडे वळून भराभर बोलायला लागला. तिने सांगितलं की त्याच्या आजीकडे असं आहे, पण लाकडाचं, त्यात ती पावाचं पीठ मळते. आबांनी चावी काढली. मुलगा म्हणाला, "शाव्ह." आबांनी मान हलवली, "चावी." "शाव्ह." "चा. चावी." अखेरीस मुलगा "चावी" म्हणाला आणि आबांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "शिकाडं तर शिकस." बटाट्याला दोघांचाही उच्चार जवळजवळ सारखा निघाला, तेव्हा शेठजींनी टाळी वाजवली. पगार म्हटल्यावर मुलाने खिशातून पाकीट काढल्याचा अभिनय केला. माणसं सहा-सात शब्दांवर किती वेळ बोलू शकतात, हे मी त्या दुपारी पाहिलं. व्याकरण नव्हतं, क्रियापद नव्हतं. मी शाळेत नापास केलं असतं.

जेवणं झाली. ठेचा त्याने मागून घेतला, कानांसकट लाल झाला, आणि पुन्हा घेतला. आबांनी माझ्याकडे पाहिलं, पण मी तोंड उघडलं नाही.

मग ओट्यावर सगळे बसले. आबांनी भाचीला सांगितलं, "आते त्याले इचार."

काय विचारायचं हे तिला ठाऊक होतं. तिने विचारलं. मुलगा सरळ बसला. त्याने तयारी करून आणली होती, खिशात एक कागद होता, पण तो त्याने काढला नाही. तो हळूहळू बोलत गेला आणि भाची सांगत गेली. मी जे ग्रंथालयात वाचलं तेच: नदी, गाव, बंदर. फक्त त्याने सांगितलं तेव्हा ते पाहिलेलं वाटलं. तो म्हणाला, आमच्या घराच्या गच्चीतून नदीचं मुख दिसतं. काले गाव नेमकं कुठे होतं याच्यावर नदीच्या दोन काठांचं भांडण आहे. आमच्या काठचे म्हणतात आमच्याकडे, पलीकडचे म्हणतात आमच्याकडे. म्हणजे देशाला नाव दिलं कोणी, हे ठरत नाही.

"आनि काले म्हंजे काय?" आबांनी विचारलं.

मुलाने भाचीकडे पाहिलं, मग आबांकडे. खांदे उडवले नाहीत. म्हणाला, "माहीत नाही." हे त्याने मराठीतच म्हटलं, तेवढं त्याला येत होतं. मग भाचीमार्फत सांगितलं, "मी माझ्या शाळेतल्या मास्तरांना फोन करून विचारलं. त्यांनाही माहीत नाही. वडिलांना विचारलं. ते म्हणाले, इतकी वर्षं त्याच्यावाचून अडलं नाही."

आबांच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"आता तो तुम्हाला एक विचारतो, आबा," भाची म्हणाली. "विचारू का?"

"इचारू दे."

"खान्देश म्हणजे काय?"

आबांनी लगेच तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. भाऊ मदतीला धावला. "खानांचा देश. पूर्वी इथे खान राज्य करत होते." त्यावर शेजारचे कीर्तनकार बुवा, जे पाहुणा पाहायला आले होते आणि पायरीवर बसले होते, ताडकन म्हणाले, "खानाचा काय संबंध? कान्हाचा देश! कान्हदेश. गोपालकृष्णाचा." पलीकडून निवृत्त तलाठी नाना म्हणाले, "दोन्ही चूक. कन्नदेश. राजाचं नाव कन्न. माझ्याकडे कात्रण आहे." शेठजी म्हणाले की त्यांच्या आजोबांनी सांगितलं होतं, ते आले तेव्हा इथे खांड, म्हणजे कच्ची साखर, फार मिळायची, म्हणून खांडदेश. हे कोणीच मनावर घेतलं नाही, पण शेठजी मागे हटेनात. बुवा आणि नाना तर उभे राहिले. नाना कात्रण आणायला घरी गेले आणि बुवा त्यांच्या मागोमाग, वाटेतही बोलत.

मुलगा एकाकडून दुसऱ्याकडे मान वळवत होता. शब्द कळत नव्हते, पण हे भांडण त्याला ओळखीचं वाटत असावं, कारण तो हसत होता.

शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मराठीची बाई मी. आबा म्हणाले, "तू सांग. खरं काय शे?"

मी घसा साफ केला. "अभ्यासकांमध्ये," मी म्हणाले, "एकमत नाही."

भाचीने ते त्याच्या कानात सांगितलं आणि तो मोठ्याने हसला. इतका वेळ तो पाहुण्यासारखा हसत होता. हे हसणं वेगळं होतं, घरच्या माणसासारखं, पत्र्यावर दगड पडावेत असं. मग आबाही हसले. त्यांचं हसणं खोकल्यात गेलं, पाणी आणावं लागलं. पाणी पिऊन त्यांनी तोंड पुसलं, डोळे मिटले आणि मिटूनच ठेवले. आम्ही सगळे थांबलो. त्या मिटलेल्या डोळ्यांत त्यांना काय दिसत होतं कोण जाणे. बहुधा एक नदी, दोन काठ, आणि दोन्ही काठांवर भांडणारी माणसं. तेवढं तर त्यांना जगात कुठेही ओळखता आलं असतं.

"माहीत नही ते माहीत नही म्हनस," ते म्हणाले. "असा मानूस खोटं बोलनार नही." आणि थोडं थांबून, "चालस."

भाची जागेवरून उठली ती थेट त्यांच्या गळ्यात पडली. मुलाला कळलं नाही, तो घाबरून माझ्या पाया पडला.

लग्न पौषाच्या आधी, मार्गशीर्षात शिरपूरला झालं. मुलाचे आईवडील आले होते. वडील कमी बोलणारे, त्यांना शेठजींनी ताब्यात घेतलं. दोघं एकमेकांना आपापल्या भाषेत तासभर काही सांगत होते आणि दोघंही समाधानी होते. आई मात्र एकेक विधी फार लक्ष देऊन पाहत होती. अंतरपाट धरला तेव्हा तिला वाटलं, काहीतरी बिनसलं आणि मुलांना एकमेकांपासून लपवलं. ती पदर नसलेल्या अंगावर पदर सावरल्यासारखं करत पुढे आली. मी तिला हात धरून थांबवलं. पडदा खाली आला, अक्षता पडल्या, तेव्हा तिने इतक्या जोराने माझा हात दाबला की बांगडी फुटली.

पाठवणीच्या वेळी नेहमीप्रमाणे रडारड झाली. वहिनी, भाऊ, भाची, मी. आबा खुर्चीत बसून काठीच्या मुठीकडे पाहत होते. नवरीला गाडीत बसवायचं, तेवढ्यात सगळ्यांच्या वरचढ एक हुंदका ऐकू आला. मुलाची आई रडत होती. नुसते डोळे पुसत नव्हती, ओक्साबोक्शी रडत होती. बायकांची कुजबुज थांबली. नवऱ्या मुलाची आई पाठवणीला रडताना आमच्याकडे कोणी पाहिलेली नाही; ती तर सून घेऊन जायला आलेली असते.

भाचीने गाडीतून डोकं बाहेर काढलं आणि तिला काही विचारलं. बाई हुंदक्यांमधून काहीतरी म्हणाली आणि वहिनीकडे बोट दाखवत राहिली. मग भाची म्हणाली, "त्या म्हणताहेत, ही आई एवढी रडते आहे, तर मी कशी नाही रडणार?"

वहिनीने डोळे पुसले. पुढे गेली आणि त्या उंच बाईला हाताला धरून मांडवाच्या कडेच्या खुर्चीवर बसवलं. पदराने तिचं तोंड पुसलं, पाठीवर हात फिरवला, पाण्याचा पेला तोंडाला लावला. "नका रडू," ती म्हणत होती, "नका रडू, पोरगी तुमच्याचकडे येतेय." ते शब्द बाईला कळणं शक्य नव्हतं, पण ती मान हलवत होती. गाडी सुरू झाली होती, चालवणाऱ्याने दोनदा हॉर्न वाजवला, आणि त्या दोघी काही केल्या एकमेकींचा हात सोडेनात.